गुडघ्याच्या उंचीवर

वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची एकाहून अधिक गावं आहेत. वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) आहे. पार उत्तरेला कारंजा (घाडगे) तालुक्यात सिंदीविहिरी आहे. आणि नागपूर–वर्धा लोहमार्गावर, सेलू तालुक्यात आमचं सिंदी (रेल्वे). आमचं गाव बाहेर ओळखलं जातं ते तान्ह्या पोळ्यासाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल घेऊन निघतात, आणि इथले काही लाकडी बैल पोरांपेक्षा मोठे असतात. पण हा लेख बैलांचा नाही. तो आमच्या वावरातल्या वानरांपासून सुरू होतो आणि सिंदीविहिरीला जाऊन थांबतो.

माझ्या चुलतभावाचं वावर गावाबाहेर आहे. पऱ्हाटी, तूर, थोडा चणा. चण्याला घाटे धरले की वानरांची टोळी उतरते. किती येतात, कधी येतात, कुठून येतात, याबद्दल घरात रोज वेगळं उत्तर मिळायचं. म्हणून मी एक कॅमेरा आणला, जंगलात झाडाला बांधतात तसा. त्याला कुणी बटण दाबावं लागत नाही. समोरून ऊब असलेलं काही हललं की तो आपला आपण फोटो काढतो. धुऱ्यावर मोहाचं जुनं झाड आहे. त्याच्या खोडाला मी तो पट्ट्याने घट्ट आवळला आणि घरी आलो.

आठ दिवसांनी कार्ड काढून पाहिलं. शेकडो फोटो होते. हलणारी फांदी, सकाळचा पांढराफटक सूर्य, पुन्हा फांदी. एका फोटोच्या तळाशी काळसर शेपटीचा गोंडा. बाकी वानर कुठेच नव्हतं.

वनविभागात मजूर म्हणून आयुष्य काढलेले एक काका आमच्या नात्यात आहेत. ते आले आणि झाडासमोर उकिडवे बसले. कॅमेऱ्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं.

“भाऊ, तुमी हा तुमच्या डोयाच्या उंचीवर बांधला. वान्नेर का तुमच्यासारखं उभं चालते?”

मी त्यांच्याशेजारी खाली बसलो. तिथून वावर वेगळंच दिसत होतं. चण्याच्या ओळींमधली मोकळी माती, तिच्यावरचे हाताच्या बोटांसारखे ठसे, धुऱ्याखालून गेलेली चिंचोळी पायवाट, सगळं बसल्यावरच दिसलं. काकांनी पट्टा सोडला, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला, तोंड पूर्वेकडून उत्तरेकडे वळवलं आणि समोरचं गवत विळ्याने साफ केलं. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला टोळी वावरात शिरली आणि तिचा एकेक सभासद आमच्या कार्डावर उमटला. पोटाला पिल्लू चिकटलेल्या माद्या होत्या, दोन अर्धवट वाढलेली पोरं होती, आणि सगळ्यांच्या मागे मोठा नर, आरामात. कॅमेऱ्यातला पहिला धडा मला उकिडवं बसून मिळाला.

तेव्हापासून ही कॅमेरा लावण्याची कला शिकावी, जाणत्यांकडून पाहावी, असं मनाने घेतलं. सिंदीहून सेलू, तिथून हिंगणी, आणि पुढे बोरधरण. बोर नदीवरच्या धरणाभोवतीचं हे जंगल १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र १३८ चौरस किलोमीटरच्या आसपास. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांमध्ये त्याचं नाव घेतात. ताडोबाचं नाव घेतलं की लोकांचे डोळे चमकतात. बोरचं नाव घेतलं की पुण्या-मुंबईकडचा माणूस ‘हे कुठं आलं?’ असं विचारतो. पण नकाशा उघडा. ईशान्येला पेंच, आग्नेयेला ताडोबा, वायव्येला मेळघाट, आणि मधे हा हिरवा ठिपका. वाटसरूला विहीर लागते तसा वाघाला बोर लागतो.

तिथे कॅमेरा लावताना मी पाहिलं ते असं. एक वनरक्षक ताई, दोन वनमजूर आणि एक तरुण जीवशास्त्रज्ञ. पिशवीत कॅमेरे, बॅटऱ्या, साखळ्या, कुलुपं, एक पाटी, एक विळा. जंगलाचे कागदावर दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात कॅमेऱ्यांची एक जोडी लावायची असते. चौकोन संगणक पाडतो. चौकोनातलं झाड निवडायचं काम मात्र माणसाचं, आणि सगळी विद्या त्या निवडीत आहे.

जीवशास्त्रज्ञ पोराने यंत्रावर जागा दाखवली. वयस्क वनमजुराने मान हलवली आणि दीडशे पावलं पुढे, नाल्याच्या वळणावर नेलं.

“वाघ बी आपल्यासारखाच हाय. काट्यातून कायले जाईन? जिकडं सोप्पं, तिकडून जाते.”

वळणावर ओल्या रेतीत पंजा उमटलेला होता. शेजारच्या सागाच्या खोडावर मूत्राचा वास. वाघ आपल्या हद्दीची अशी नोंद ठेवतो आणि पुन्हापुन्हा ताजी करतो. त्या पोराने लगेच यंत्रावरचा ठिपका सरकवला, काहीही वाद न घालता. मला त्याचा फार आदर वाटला.

मग बांधणी. वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण तीन-चार मीटर अंतर राखून, जमिनीपासून दीड फुटावर एकेक कॅमेरा. दोन का, तर वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे वेगळे आणि उजव्या कुशीवरचे वेगळे. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर एकाच वाघाचे दोन वाघ मोजले जाण्याचा धोका. दोन्ही कॅमेरे अगदी समोरासमोर लावत नाहीत, किंचित तिरके लावतात, नाहीतर एकाच्या उजेडाने दुसरा दिपतो. घड्याळ मिनिटाला मिनिट जुळवतात. पहिल्या फोटोत पाटी धरतात, तिच्यावर कॅमेऱ्याचा क्रमांक, कक्ष क्रमांक, तारीख, वेळ. मग साखळी, कुलूप.

आणि मग जे घडलं ते मी विसरणार नाही. वयस्क वनमजुराने डोक्यावरचा दुपट्टा काढून ठेवला, वाटेवर हातपाय टेकले आणि वाघ होऊन चालत आले. मान खाली, खांदे हलते, पाऊल दमानं. कॅमेऱ्यातला लाल दिवा लुकलुकला. ते थांबले, मागे गेले, दुसऱ्या कडेने पुन्हा आले. पुन्हा दिवा. तेव्हा कुठे ते उठले आणि तळहाताची माती झटकली. यंत्र बरोबर बसलं आहे का, हे तपासण्याची ही जंगलातली सर्वमान्य रीत आहे. ज्याचा फोटो हवा त्याच्या देहात शिरून पाहायचं.

या यंत्राची एक खोड विदर्भातल्या माणसाने ध्यानात ठेवावी. त्याला ऊब कळते ती फरकाने. प्राण्याचं अंग आणि मागची जमीन-झाडं यांच्या तापमानात अंतर असेल तर ते जागं होतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी दगड, माती, खोडं सगळी अंगाइतकीच ऊन होतात. अशा वेळी समोरून अस्वल गेलं तरी यंत्र चुकू शकतं. थंडीच्या पहाटे तेच यंत्र उंदरालाही सोडत नाही.

आपोआप टिपणारा कॅमेरा हा आजकालचा शोध आहे असं वाटतं, पण तो जुना आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरास याने वाटेवर तार ताणून, तिला प्राण्याचा पाय लागला की उजेड पडेल आणि फोटो निघेल, अशी सोय केली. त्याचे रात्रीचे फोटो १९०६ साली नॅशनल जिओग्राफिकमध्ये छापून आले. आपल्याकडे संयुक्त प्रांतातला वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन याने शिवालिकच्या पायथ्याशी तशाच तारा ताणल्या. त्याचं वाघांच्या छायाचित्रांचं पुस्तक १९२७ साली निघालं. त्या काळात साहेबलोक वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेत. या माणसाने वाघाला स्वतःच्या पायांनी चालत येऊन स्वतःचा फोटो काढू दिला. माझ्या मते भारताच्या वन्यजीव-इतिहासातला तो मोठा क्षण आहे.

मोजणीसाठी कॅमेऱ्याचा कस लावला तो कर्नाटकात उल्हास कारंत यांनी, नागरहोळच्या जंगलात, १९९० च्या दशकात. तोवर आपल्याकडे वाघ मोजत ते पंजाच्या ठशांवरून. काचेवर ठसा गिरवायचा आणि ओळखायचा. ठसा ओळखणाऱ्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही, पण पद्धत कच्ची होती. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि २००५ साली कळलं की जंगलात एकही उरलेला नाही. देशाला बसलेला तो धक्का होता. त्यानंतर मोजणी बदलली. २०१८ च्या राष्ट्रीय गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले आणि त्यांत वाघाचे होते ७६,६५१. जगातली सर्वांत मोठी कॅमेरा-पाहणी म्हणून गिनीजने तिची नोंद केली. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्राचा आकडा ४४४ निघाला. २००६ साली तो १०३ होता.

हे आकडे दिल्लीत जाहीर होतात, टाळ्या होतात. पण त्या २६,८३८ ठिकाणांपैकी प्रत्येक ठिकाणी कुणीतरी खाली वाकलं होतं, कुणीतरी वाघ होऊन चाललं होतं. अहवालात यंत्राचं नाव येतं, पट्टे जुळवणाऱ्या संगणक-प्रणालीचं नाव येतं. वळणावरचं झाड दाखवणाऱ्याचं नाव सहसा येत नाही. ते यायला हवं.

आता वानरांकडे परत येतो, कारण मला त्यांनीच या वाटेला लावलं. व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या टोळ्यांवर ‘सत्तांतर’ लिहिलं आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या लहानशा पुस्तकाला मिळाला, हे मराठी वाचकाला माहीत असतं. त्याच्याही आधीची एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हा जपानी संशोधक आपल्या शेजारी धारवाडला येऊन वानरांच्या मागे हिंडला. बाहेरून आलेला नर टोळी काबीज करतो आणि आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो, हे त्याने तिथे पाहिलं आणि लिहिलं. बराच काळ पुष्कळांना ते पटलंच नाही. हाच सुगियामा पुढे पश्चिम आफ्रिकेत गिनी देशातल्या बोसू गावी गेला आणि १९७६ पासून तिथल्या चिंपांझींचा दीर्घ अभ्यास त्याने उभा केला. दगडाची ऐरण आणि दगडाचाच हातोडा करून तेलमाडाच्या बिया फोडणारे ते चिंपांझी आज जगाला माहीत आहेत. धारवाडच्या वानरांपासून गिनीच्या चिंपांझींपर्यंतची ही वाट एका माणसाने चालून दाखवली.

चिंपांझी आपल्या जंगलात नाहीत. भारतात कपिवर्गातला रानटी प्राणी एकच, ईशान्येकडचा हुलॉक गिबन. पण कॅमेरा आणि माणसाच्या जवळचा प्राणी यांची गाठ पडली की काय होतं, हे शिकावं ते चिंपांझींकडूनच. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल १९६० च्या जुलैत टांझानियातल्या गोंबेला पोचल्या. सुरुवातीचे कितीतरी महिने चिंपांझी त्यांना पाहून लांबूनच पळत. १९६२ साली ह्यूगो फान लाविक हा छायाचित्रकार तिथे आला. चिंपांझी जवळ यावेत म्हणून केळी ठेवली जाऊ लागली. चित्रं अप्रतिम मिळाली. पण केळ्यांभोवती भांडणं वाढली, टोळीचं वागणं बदललं, आणि पुढे हे खाणं देणं आवरतं घ्यावं लागलं. गुडॉलबाईंनी ते कधी लपवलं नाही. २०२५ च्या १ ऑक्टोबरला, ९१ व्या वर्षी, त्या गेल्या. त्यांच्या कामातला हा अवघड भागही मला त्यांच्या शोधांइतकाच मोलाचा वाटतो.

आमच्याकडे शनिवारी मारुतीच्या देवळापुढे वानरांना केळी आणि फुटाणे टाकणारे भाविक मी लहानपणापासून पाहतो. त्यांच्या मनात काही वाईट नाही. पण हातातून खायला शिकलेलं वानर सोमवारी कुणाच्या तरी चण्यात उतरतं, आणि मग त्याच देवाच्या वानरामागे गोफण घेऊन धावावं लागतं. कॅमेऱ्यापुढे प्राणी यावा म्हणून आमिष ठेवणं हेही तसलंच. बोरला कॅमेऱ्यापुढे काही ठेवत नाहीत. वाट बरोबर निवडली असेल तर ठेवण्याची गरजही पडत नाही.

माणूस जवळ नसताना झाडावरच्या कॅमेऱ्यांनी आफ्रिकेत जे टिपलं ते तर नवलाचं आहे. पश्चिम आफ्रिकेतले काही चिंपांझी ठराविक झाडांवर दगड भिरकावतात, आणि त्या झाडांच्या ढोलीत आणि बुंध्याशी दगडांचे ढीग साचतात, हे २०१६ साली जगापुढे आलं ते अशा कॅमेऱ्यांमुळे. ते असं का करतात याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही. २०१९ साली दुसऱ्या एका अभ्यासात पाहिलं की जंगलात अचानक कॅमेरा दिसला तर आफ्रिकेतले कपी काय करतात. चिंपांझींचे जवळचे नातेवाईक बोनोबो बिचकून राहिले. चिंपांझी बहुतेक वेळा दुर्लक्ष करून पुढे गेले. पण लहान पोरं मोठ्यांपेक्षा जास्त वेळ टक लावून बघत होती, आणि काहींनी कॅमेरा बोटाने टोचला, चावूनही पाहिला. आमच्या मोहावर अगदी हेच झालं. तिसऱ्या आठवड्यात एका अर्धवट वाढलेल्या वानराने पट्टा ओढून कॅमेरा आकाशाकडे फिरवला. शेवटच्या फोटोत त्याचा काळा तळहात आहे, त्याच्यावरच्या रेषा मोजता येतील इतका जवळ. तो फोटो मी मोठा करून घरी लावला आहे.

इथवर सगळं कौतुकाचं झालं. आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

कॅमेरे लागतात प्रामुख्याने संरक्षित जंगलात. वाघ मात्र चौकोनांच्या बाहेर पडतो. बोरसारख्या लहान जंगलातून तर तो पडणारच, कारण वयात आलेल्या नराला स्वतःची हद्द हवी असते आणि १३८ चौरस किलोमीटरात कितीजणांची सोय होणार? तो नाल्यानाल्यांनी, तुरीच्या आणि पऱ्हाटीच्या आडोशाने, रात्री चालतो. वाटेत रूळ आहेत, महामार्ग आहेत, कुंपणं आहेत.

बोरचा ‘बाजीराव’ नावाचा देखणा नर २०१७ च्या डिसेंबरात नागपूर–अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. जंगलातल्या कॅमेऱ्यांपुढून तो कितीदा गेला असेल. रस्त्यावर त्याच्या पट्ट्यांवरून फक्त ओळख पटवता आली.

त्याच वर्षी त्याआधी एक वाघीण गेली. ब्रह्मपुरी भागात माणसांवर हल्ले केले म्हणून तिला जुलैत पकडलं, गळ्यात रेडिओ कॉलर घातली आणि बोरच्या जंगलात सोडलं. तिला हे जंगल ओळखीचं नव्हतं. ती चालत राहिली. अडीच महिन्यांत जवळजवळ ५०० किलोमीटर. पुन्हा माणसं गेली, ठार मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण न्यायालयात गेलं. १४ ऑक्टोबर २०१७ च्या पहाटे पिकाच्या राखणीसाठी कुंपणात सोडलेल्या विजेने तिचा जीव घेतला. गाव होतं सिंदीविहिरी.

ती बातमी आली तेव्हा बाहेरगावच्या नातेवाइकांनी आम्हाला फोन केले, ‘तुमच्या सिंदीत वाघीण मेली का?’ आम्ही सांगायचो, ती सिंदी वेगळी. आज मला तसं म्हणवत नाही. आमच्याही वावरात रानडुकरं आणि रोही रात्रीतून पीक लोळवतात. जागलीला जाऊन थकलेला शेतकरी कुंपणात करंट का सोडतो हे मला कळतं. ते बेकायदा आहे, आणि त्या तारेला माणसंही बळी पडतात. पण नुकसानीचे पंचनामे लांबले, भरपाई उशिरा आली, की त्याच्यापुढे तारच उरते.

बाहेरच्या वाटा कॅमेऱ्याने पाहता येतात, हे सिद्ध झालेलं आहे. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी खालून मोकळ्या वाटा सोडल्या, आणि भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ साली त्यांत कॅमेरे लावले. १८ जातींचे प्राणी त्या वाटांनी गेले. ११ वाघांनी मिळून ८९ वेळा रस्ता खालून ओलांडला. याचा अर्थ, वाट दिली तर ते घेतात. आमच्या तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. त्यावरही प्राण्यांसाठी वाटा केल्या आहेत. त्यांच्यावर नजर कायम राहायला हवी, आणि त्यांच्यापुढच्या नाल्यांवर, धुऱ्यांवरसुद्धा.

माझं मागणं म्हणून साधं आहे. बोर आणि ताडोबा, बोर आणि पेंच यांच्यामधल्या गावांत, ज्या नाल्यांवरून ठसे मिळतात तिथे, वर्षभर कॅमेरे असावेत. ते लावायला त्याच गावातली पोरं आणि बाया असाव्यात, पगारी. कॅमेऱ्यात वाघ दिसला की आधी गावाला कळावं, म्हणजे माणूस त्या रात्री जागलीला एकटा जाणार नाही. आणि त्याच फोटोवरून रानडुकराने केलेल्या नुकसानीचा पुरावा धरला जावा, म्हणजे शेतकऱ्याला कॅमेरा आपला वाटेल.

तुम्हाला वावराच्या कडेला, नाल्याकाठी, झाडाच्या बुंध्याशी एखादी हिरवट पेटी पट्ट्याने बांधलेली दिसली तर तिला हात लावू नका. आत फोन नाही, तिचा तुम्हाला काही उपयोग नाही. तिचं तोंड ज्या दिशेला आहे त्या दिशेला जरा खाली बसून पाहा, आणि संध्याकाळी घरी परतताना त्या वाटेने एकटे जाऊ नका.